पाहिले, ऐकले, वाटले

१२ जानेवारी

प्रिय खिळ्या,

थोरला काल बाहेर आला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेडचं दार सरकायला लागलं आणि तळावर जाऊन उभं राहायला त्याला पावणेसहा तास लागले. तुला हे कळलं असेलच. तरी कळवते आहे, कारण दुसरं काही लिहायचं तर सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान दारात पडून राहतं.

बांधावर आम्ही सगळे होतो. भूगोलाच्या मास्तरांनी त्यांची मोठी दुर्बीण आणली होती, आणि दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला होता. पाण्यापलीकडे तेरा किलोमीटरवर थोरल्याएवढं मोठं रॉकेट मुंगीच्या चालीने सरकत होतं आणि इकडे तीस-पस्तीस शहाणीसुरती माणसं श्वास रोखून बसली होती. मास्तर म्हणाले, "तीन आठवड्यांत उडतंय. लिहून घ्या."

"घेते," मी म्हटलं, "तिसऱ्या रकान्यात."

"सगळं आयुष्य तिसऱ्या रकान्यात घातलंत आमचं," ते म्हणाले.

बाबांना खुर्चीसकट नेलं होतं. तू पाहिलं होतंस त्याहून त्यांचे डोळे पुष्कळ गेले आहेत. समोरचं मधोमध काळं आणि कडेकडेने थोडं दिसतं, म्हणून बोलणाऱ्याकडे न बघता त्याच्या खांद्यापलीकडे बघतात. मला म्हणाले, "काय दिसतंय?" मी म्हटलं, मनोऱ्यापेक्षा थोडा बुटका आहे, सात इंजिनं आहेत. "ते मला माहीत आहे. तुला काय दिसतंय ते सांग." मग मी सांगितलं की पांढरा आहे, खालच्या टाकीवर करड्या रंगाचा एक पट्टा आहे, आणि इंजिनांपैकी कडेची दोनच दिसतात. "हां," म्हणाले. "आता कसं."

त्यांच्या हृदयाचं काही खरं नाही. डॉक्टरांनी ते सरळच सांगितलं. मुद्दा एवढाच की उड्डाणाच्या दिवशी तू इथे असावंस. आत नाही, तर बांधावर. बारा वर्षं तू ज्याच्या झडपांसाठी रात्रीचा दिवस केलास, ते जाताना तू बाबांच्या शेजारी उभा असावास, असं मला वाटतं. बदली म्हणजे बढती आहे असं मी त्यांना सांगितलं आहे. तेवढं सांभाळून घे.

मे महिन्यात तू फोनवर जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं आहे. ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

तुझी,
ताई


२१ जानेवारी

प्रिय खिळ्या,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला नऊ दिवस सलतं आहे. "उगाळण्यात अर्थ नाही" असं ज्याला उगाळलं जाण्याची भीती असते तोच म्हणतो. पण ते पत्र गेलं. हे वेगळं.

रोज दुपारी कामावरून आले की मी बाबांना बांधावरच्या नोंदवह्या वाचून दाखवते. त्यांनीच सांगितलं, पहिल्यापासून वाच. पहिली वही तुझ्या-माझ्या लहानपणची. तेव्हा बांधावर चारच माणसं जायची, आणि तू खिशात दुकानातले खिळे भरून यायचास आणि तुझी चड्डी त्या वजनाने खाली यायची. मला ते वाचताना हसू आलं. बाबा म्हणाले, "तेवढं नाही लिहिलेलं, ते तू मनाचं घालतेस." मी म्हटलं, डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, "मग तेव्हाच लिहायला हवं होतं."

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण लिहिताना मला माझ्यासाठी मांडून ठेवायचं आहे. वहीचे तीन रकाने बाबांनी पाडले. पाहिले, ऐकले, वाटले. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, त्याला तीन गोष्टी एका पारड्यात खपायच्या नाहीत. "पाहिले" मध्ये फक्त बांधावरून, स्वतःच्या डोळ्यांनी, वेळेसकट. "ऐकले" मध्ये कुणाकडून ऐकलं ते नाव लिहायलाच हवं. "वाटले" मध्ये काहीही चालतं, म्हणून मास्तर तिथे राहतात. चुकलं तर खोडायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, आणि दुरुस्ती करणाऱ्याने आणि चूक करणाऱ्याने, दोघांनी सही करायची. या वहीवरून आम्ही बांधावरची मंडळी जे पत्रक काढतो, त्याची जी काही पत आहे ती या पहिल्या रकान्याची आहे. वर्तमानपत्रवाले म्हणूनच आमचं उचलतात.

आता आम्ही मागच्या वर्षीच्या वहीपर्यंत आलो. काल एप्रिल सुरू झाला.

सतरा एप्रिलचं पान मी वाचलं नाही. दोन पानं एकदम उलटली आणि एकोणीसवर गेले. बाबा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. मला वाटलं डोळा लागला असेल. थोड्या वेळाने म्हणाले, "तारीख चुकली."

मी म्हटलं, "अठराला सुट्टी होती, कुणी गेलं नव्हतं."

"आणि सतराला?"

"सतराला काही विशेष नव्हतं."

त्यांनी पाणी मागितलं.

हे मी तुला का सांगते आहे, तेही धड कळत नाही. सोळा एप्रिलला संध्याकाळी तू घरी जेवायला आला होतास. थोरला तेव्हा चाचणीसाठी पहिल्यांदा तळावर उभा होता. बाबांचा नुकताच डोळ्यांचा निकाल आला होता. त्यांनी तुला विचारलं, "मला दिसतंय तोवर जाईल का रे हा?" तू ताटाकडे बघत बसलास. मग म्हणालास, "घाई करू नका बाबा. मधल्या इंजिनाला तडा आहे. उतरवावं लागेल. वर्ष जाईल." आणि मग लगेच माझ्याकडे बघून म्हणालास, "ताई, हे इथेच."

मी मान हलवली होती. तेवढं मला स्पष्ट आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेले आणि नऊ चाळीसला पिवळी ट्रॉली तळावरून बाहेर पडताना पाहिली. ती मी खरोखर पाहिली. तेवढं तरी मान्य कर.

तुझी,
ताई


३० जानेवारी

प्रिय खिळ्या,

"तेवढं तरी मान्य कर" असं मी तुला लिहिलं. मान्य कुणी करायचं, हे मला अजून समजलेलं दिसत नाही.

आज जे केलं ते सांगते. आमच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत एखाद्या आकड्याचा संशय आला तर नमुना पुन्हा घेतात. तीच जागा, तीच वेळ, तेच उपकरण. मी रजा टाकली आणि नऊच्या आधी बांधावर गेले. वहीत लिहिलेल्या त्याच खांबापाशी, तीच दुर्बीण, तिपाईची तीच उंची. थोरला आता तिथेच उभा आहे, तेव्हा दृश्यही तेच.

कडेची दोन इंजिनं दिसतात. तिसऱ्याची कड दिसते, असं स्वतःला पटवता येतं. मधलं दिसत नाही. मंचाचा एक जाड पाय बरोबर त्याच्यापुढे येतो. मी खांबाच्या डावीकडे गेले, उजवीकडे गेले, बांधाच्या टोकापर्यंत पाऊण किलोमीटर तिपाई खांद्यावर घेऊन चालले. कुठूनही दिसत नाही. बातमी कुठून फुटली ते शोधणाऱ्या तुमच्याकडच्या माणसांनी हेच केलं असणार. एक दिवस येऊन उभे राहिले असतील, की झालं.

दहाच्या सुमाराला ट्रॉली आली. तीच पिवळी, वर हिरवी ताडपत्री दोरीने आवळलेली. एव्हाना मास्तर आले होते. मी त्यांना विचारलं, ताडपत्रीखाली काय असेल हो?

"पंप असेल," म्हणाले. मग म्हणाले, "जनरेटर असेल. एखाद्या साहेबाचं कपाट असेल. ताडपत्रीखाली काय असतं हे सांगायला मी ज्योतिषी आहे का? तुमच्यासारखी नजर नाही आपली."

ते चेष्टेत बोलले. मास्तरांना काही माहीत नाही. गेलं वर्षभर ते नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, या बाईंनी तेरा किलोमीटरवरून तडा गेलेलं इंजिन ओळखलं होतं.

तर आता लिहिते. मला ताडपत्री दिसली होती. इंजिन तू सांगितलंस. मी वहीत लिहिलं, "मधल्या इंजिनाला तडा. उतरवून नेताना पाहिले. ९.४०." पहिल्या रकान्यात.

का लिहिलं, ते मी पुष्कळदा वेगवेगळं सांगून पाहिलं आहे, स्वतःलाच. सगळ्यात साधं कारण लाजिरवाणं आहे. त्या सकाळी मास्तर सगळ्यांना सांगत होते की दहा दिवसांत उडणार. डॉक्टरीणबाई त्या तारखेला रजा धरत होत्या. आणि मला खरं माहीत होतं. चुकीचं समोर चाललंय आणि बरोबर आपल्याला ठाऊक आहे, हे मला सोसत नाही. लहानपणापासून नाही, तू त्याचा मार खाल्ला आहेस. "ऐकले" मध्ये लिहावं तर तुझं नाव द्यावं लागलं असतं. गप्प बसता आलं असतं. ते सुचलं नाही असं म्हणणार होते, पण सुचलं होतं.

मग पत्रक निघालं, ते वर्तमानपत्रात आलं, तुमच्याकडे चौकशी बसली. मे महिन्यात तू फोन केलास. रागावला नव्हतास. तू एवढंच विचारलंस, "ताई, तू ते पाहिलंस का?"

मी म्हटलं, "हो. पाहिलं."

तू मग "बरं," म्हणालास आणि ठेवलास.

त्या क्षणी मला वाटलं होतं की मी तुला वाचवते आहे. मी पाहिलं म्हटलं की तू सांगितलं नाहीस असं होतं. हे कारण मी वर्षभर उराशी धरून बसले आहे. पण फोनवर चौकशीवाले नव्हते. तू होतास. त्या तळावर तू बारा वर्षं काढलीस, बांधावरून काय दिसतं आणि काय नाही ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुला उत्तर माहीत होतं. तुला फक्त मी काय म्हणते ते ऐकायचं होतं.

मागच्या साली मी एका मदतनिसाला लेखी समज दिली. न घेतलेला आकडा तक्त्यात भरला म्हणून. तो म्हणाला होता, "बाई, घेतला असता तरी तोच आला असता." मी त्याला म्हटलं, प्रश्न आकड्याचा नाही.

मी ते पाहिलं नव्हतं, खिळ्या.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय खिळ्या,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. मला त्याचा हक्कही नाही. बाबांचं कळवायचं आहे म्हणून लिहिते.

आज उड्डाण ठरलं होतं, झालं नाही. कारण तुला आतून कळेल. आम्हाला बाहेरून एवढंच दिसलं की सकाळी आठला टाक्या भरायला घेतल्या, नवाला खालच्या टाकीवर गोठलेल्या दहिवराचा पांढरा पट्टा धरला, बाजूने वाफेचे लोट निघायला लागले, आणि साडेअकराला उलटमोजणी चार मिनिटांवर येऊन थांबली ती थांबलीच. मग वाफ बंद झाली. मग पट्टा खालून विरघळायला लागला. कुणी काही सांगायच्या आधीच मास्तरांनी दुर्बिणीला झाकण लावलं.

बाबा पाच तास खुर्चीत बसून होते. लोकरीची टोपी, मफलर, वर माझी शाल. एकदाही घरी चला म्हणाले नाहीत. डॉक्टरीणबाई त्यांच्यासाठी थर्मास घेऊन आल्या आणि तोंड उघडा म्हणाल्या तर म्हणाले, "दात बघणार असाल तर एकही नाही."

अकराच्या सुमाराला मला म्हणाले, "पेटल्यावर आवाज इथे यायला किती लागतील?"

"अडतीस सेकंद."

"म्हणजे तुम्हाला दिसेल आणि मी अडतीस सेकंद येड्यासारखा बसून राहीन." मग म्हणाले, "असं कर. पेटलं की तू 'पेटलं' म्हण. मी मोजतो. माझे अडतीस आणि त्याचा आवाज एकदम आले तर माझा काटा बरोबर." आणि सराव म्हणून दोनदा मोजून पाहिलं. माझ्या घड्याळाशी अर्ध्या सेकंदाचा फरक. म्हणाले, "तुझं घड्याळ दाखवून आण कुणाला तरी."

मोजणी थांबली तेव्हा सगळे उठून पाय मोकळे करायला गेले. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "बाबा, मागच्या एप्रिलमधलं एक पान मी वाचलं नाही तुम्हाला."

"हो."

"ते वाचायचं आहे."

ते पाण्याच्या दिशेने बघत होते, म्हणजे खरं तर माझ्याकडे. म्हणाले, "घरी वाच. बांधावर नवीन लिहायचं. जुनं वाचायचं नाही इथे."

आणि मला हायसं वाटलं. ते लिहायला नको होतं, पण वाटलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, आडवे झाले. झोपताना म्हणाले, "मोजायचं राहिलं." तुझं विचारलं. मी म्हटलं, पुढची तारीख आली की तो येईल.

पुढची तारीख महिन्याभराने आहे. तू आताच ये. थोरल्यासाठी थांबू नकोस.

ताई


२३ फेब्रुवारी

खिळ्या,

तू आलास आणि गेलास. पोचलास तोवर बाबांचं सगळं उरकलं होतं. दोन दिवसांचा प्रवास आहे हे मला माहीत असून मी लोकांचं ऐकलं, थांबवलं नाही. हेसुद्धा माझ्या खात्यात धर.

तू एक दिवस राहिलास. बाबांच्या खोलीत बसलास, त्यांच्या काट्यांची पेटी उघडून प्रत्येक वजन पुसून परत खोबणीत ठेवलंस. मी दारातून दोनदा गेले. तुझी बॅग खुर्चीवर उघडी होती आणि तिच्यात माझी चारही पत्रं होती. एकही फोडलेलं नव्हतं.

दुपारी स्वयंपाकघरात तू पाणी प्यायला आलास. मी विचारलं, "पत्रं वाचली नाहीस?"

"नाही."

"त्यात सगळं लिहिलं आहे."

"असेल." तू पेला विसळलास, पालथा घातलास. मग म्हणालास, "मी तुला तोंडी विचारलं होतं, ताई. लेखी नाही. लेखी तर तू आधीच दिलं होतंस."

मी गॅसपाशी उभी होते. तू समोर, हातभर अंतरावर, आणि थांबला होतास. तू थांबला होतास हे मला तेव्हाही कळत होतं. चार शब्दांचं वाक्य होतं. आठ पानं लिहिली होती मी त्याच्यासाठी. आणि मी म्हटलं, "चहा घेतोस का?"

तू म्हणालास, "नको. गाडी आहे."

दारात चपला घालताना तू एकच गोष्ट बोललास. "बाबांनी मला फोनवर सांगितलं होतं, बढती नाही ते त्यांना माहीत आहे म्हणून. म्हणाले, हिला कळू देऊ नकोस, हिला वाटतंय मी फसलोय."

तू गेल्यावर मी चहा केला. एका माणसाचा करायचा होता, सवयीने दोघांचा झाला.

ताई


१० मार्च

प्रिय खिळ्या,

थोरला आज सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी गेला. व्यवस्थित गेला, असं बातम्यांत सांगतात. तुझ्या झडपा वेळेवर उघडल्या असणार, नाहीतर गेला नसता.

आता क्रमाने लिहिते.

मी आठलाच गेले होते. मास्तरांनी सवयीने बाबांची खुर्ची आणून ठेवली होती, त्यांच्या जागी. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी ती उचलली नाही, आणि तिच्यावर कुणी बसलं नाही. मी सगळ्यांना म्हटलं, सुरू व्हायच्या आत मला एक दुरुस्ती करायची आहे. जुनं बांधावर वाचायचं नाही हे मला माहीत आहे, तरी इथेच करायची आहे. मग सांगितलं. सतरा एप्रिलची नोंद मी पाहिलेली नाही. मी ताडपत्री पाहिली. बाकीचं घरात जेवताना ऐकलं, ते बाहेर काढणार नाही असं कबूल करून. त्यापायी माझ्या भावाला तळावरून जावं लागलं.

डॉक्टरीणबाई पाण्याकडे बघत राहिल्या. मास्तर म्हणाले, "मी त्या दिवशी दहा दिवस म्हणत होतो, नाही का?"

"हो."

"मला गप्प करायला लिहिलंत?"

"हो."

"गप्प कुठे बसलो मी," ते म्हणाले. हसलं कुणी नाही. मग त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. "करा."

मी वही उघडली. वर्षभरात ते पान मी उघडलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवतानाही दोन पानं एकदम उलटली होती.

रेघ आधीच मारलेली होती. दुकानातली पोलादी पट्टी ठेवून मारलेली, सरळ. शेजारी बाबांचं अक्षर. डोळे जाऊ लागल्यानंतरचं, मोठं, ओळ सोडून वर चढत गेलेलं. जसंच्या तसं उतरवते:

"ऐकले. मुलाकडून. मी विचारले म्हणून तो बोलला. विचारणाऱ्याची चूक आधी धरावी."

खाली त्यांची सही. तारीख दोन जून. तुझी बदली झाली तो आठवडा.

आणि सहीच्या खाली पट्टीने आखलेली आणखी एक रेघ होती, रिकामी. चूक करणाऱ्याच्या सहीसाठी.

नऊ महिने ती रेघ तिथे होती. मी पान ओलांडत होते आणि ते "तारीख चुकली" म्हणत होते. मला वाटायचं, त्यांना संशय आहे. ते वाट बघत होते. त्यांना काहीच विचारायचं नव्हतं, फक्त सही हवी होती. ती त्यांनी त्यांच्या हयातीत मागितली नाही आणि मी दिली नाही. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. आज सही केली. मास्तरांनी पान पाहिलं, वही मिटली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

मग उलटमोजणी सुरू झाली. या वेळी चार मिनिटांवर थांबली नाही.

दुर्बिणीत उजेड दिसला. मी "पेटलं" म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण म्हणेन असं कबूल केलं होतं. आणि डोळे मिटले. खरं सांगायचं तर ठरवून मिटले नाहीत, मिटले गेले, मग मी उघडले नाहीत. मोजायला लागले. भोवती सगळे ओरडत होते, उचलला, निघाला, बघा बघा. दहा. वीस. डॉक्टरीणबाईंनी माझा दंड धरून हलवला. तीस. खुर्चीच्या पाठीवर माझा हात होता. सदतिसाला काही नव्हतं. अडतीसलाही नव्हतं. चाळिसाला तो आला, आधी पायाखालच्या दगडांतून आणि मग छातीत, आणि खुर्ची हाताखाली थरथरायला लागली. दोन सेकंद मी घाईने मोजले होते. बाबांचा काटा बरोबर आला असता.

डोळे उघडले तेव्हा तो ढगात गेला होता. धुराचा खांब होता आणि वाऱ्याने तो वाकत होता.

बारा वर्षं तू ज्याच्यासाठी राबलास ते जाताना मी पाहिलं नाही. वहीत पहिल्या रकान्यात "९.२२, उजेड" एवढंच लिहिलं. बाकी दुसऱ्या रकान्यात. "ऐकले. सुमारे दीड मिनिट." तिथे कुणाकडून ते लिहावं लागतं. मी लेखणी टेकवली आणि उचलली. ती जागा रिकामी आहे. मास्तर म्हणाले, राहू द्या.

आता शेवटचं. आधीची पत्रं तू फोडली नाहीस, ते बरोबर केलंस. हे टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे, परवा दुपारी तुझ्या दाराशी असेन. वही बरोबर आणते आहे, मास्तरांनी स्वतः कापडात बांधून दिली, म्हणाले पावसापाण्याची जपा, जणू काही मी समुद्र पोहून चालले आहे.

तू दार उघडलंस की आधी मला बोलू दे. चार शब्द आहेत. गाडीत दोन दिवस पाठ करत येईन, तरी दारात अडखळेन, इतकी मी स्वतःला ओळखते. अडखळले तर थांब जरा. मागच्या वेळी थांबला होतास तसा. ते बोलून झालं की मग दार लाव हवं तर.

चहाचं मी विचारणार नाही.

तुझी,
ताई